दिएपला दोन रात्री द्या: न्यूहेवनहून फेरीने फ्रान्सला जाणाऱ्यांसाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही दोघं लंडनजवळ राहता, आई-बाबा उन्हाळ्यात पुण्याहून येणार आहेत. बाबांना इतिहासाची आवड, आईचे गुडघे दुखतात, दोघंही शाकाहारी. न्यूहेवनहून फेरीने दिएपला उतरायचं आणि तिथून गाडीने थेट पॅरिस गाठायचं, असा बेत आहे. वाटेत दिएपसाठी किती तास ठेवावेत, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर: तासांचा हिशोब सोडा, दोन रात्री ठेवा. त्यातली एक शुक्रवारची असू द्या. मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहतो आणि मराठी कुटुंबांच्या सहली आखून देणं हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे. या मार्गाने जाणारी बहुतेक मंडळी बोटीतून गाडी बाहेर काढतात आणि तासाभरात पॅरिसच्या वाटेवरच्या रूआँ शहराच्या रस्त्याला लागतात. मला त्याची खरंच हळहळ वाटते. पॅरिस मोठं आहे, ते कुठे जात नाही. पण समुद्रातून येऊन पायी फिरत समजून घेता येईल असं छोटं, पूर्ण, जुनं बंदर फ्रान्सच्या त्या किनाऱ्यावर मला दुसरं माहीत नाही. आणि वयस्कर माणसांना ते पॅरिसपेक्षा कितीतरी सोपं जातं.

आधी कागदपत्रांचं उरकून घेऊ, कारण घोळ तिथेच होतो. ब्रिटनचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही. शेंगेन व्हिसा वेगळा लागतो. तुम्ही ब्रिटनमध्ये राहता म्हणून तुम्ही इथून अर्ज करू शकता, पण आई-बाबा फक्त भेटीला येणार आहेत. अर्ज साधारणपणे जिथे राहतो त्याच देशातून करायचा असतो, त्यामुळे त्यांनी पुण्याहून निघण्याआधीच, भारतातून, फ्रान्सचा शेंगेन व्हिसा काढून घ्यावा. इथे आल्यावर बघू, असं म्हणत बसलात तर त्यांना सोडून तुम्हा दोघांनाच जावं लागेल. परत येताना त्यांचा ब्रिटनचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे का, तेही एकदा बघून ठेवा. डोव्हरला बोटीत चढायच्या आधीच फ्रेंच पोलीस पासपोर्ट तपासतात, न्यूहेवनला तसं नाही. फ्रेंच तपासणी दिएपला उतरल्यावर होते आणि ब्रिटिश तपासणी परतताना न्यूहेवनला. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, तेव्हा रांगेत थोडा जादा वेळ धरा. आई-बाबांना सांगून ठेवा, बोटांवर मेंदी किंवा जखमेची पट्टी असेल तर ठसे उमटायला त्रास होतो.

आणखी एक गोष्ट आईंच्या कानावर घाला. ब्रिटनमधून युरोपियन संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे डब्यातलं साजूक तूप, पेढे, पनीर, खवा घातलेली मिठाई, यातलं काहीही नको. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, तेलातलं लोणचं, दशम्यांऐवजी तेलाच्या पोळ्या, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, हे बिनधास्त न्या. उलट दिशेलाही २०२५ च्या एप्रिलपासून ब्रिटनने युरोपातून दूध-मांसाचे पदार्थ आणण्यावर बंदी घातली आहे. म्हणून तिथलं चीज तिथेच खाऊन या. हे नियम बदलत असतात, निघायच्या आठवड्यात सरकारी पानावर एक नजर टाकाच.

आता बोट. न्यूहेवन ते दिएप साधारण चार तास लागतात. दिवसाची फेरी घ्या, रात्रीची घेऊ नका. रात्रीची बोट पहाटेच्या अंधारात पोचते. तरुणांना चालून जातं. सत्तरीच्या माणसांना थंड वाऱ्यात, सगळं गाव झोपलेलं असताना, हॉटेलची खोली मिळायला अजून कितीतरी तास असताना उतरवणं बरं नाही. दिवसाच्या फेरीतही छोटी केबिन मिळते, ती आईंसाठी घ्याच. बोट लागण्याची भीती असेल तर आडवं पडणं हा सर्वांत चांगला उपाय. गाडीचा मजला प्रवासात बंद असतो, म्हणून औषधं, शाली, पाण्याची बाटली आणि डबे आधीच वर घेऊन जा. फ्रान्सचं घड्याळ ब्रिटनच्या एक तास पुढे असतं, हे लक्षात ठेवून जेवणाची वेळ ठरवा.

शेवटचा अर्धा तास मात्र सगळ्यांना डेकवर न्या. या गावाची ओळख तिथूनच सुरू होते. समोर पांढऱ्या खडूच्या उभ्या कड्यांची रांग दिसते आणि त्या रांगेत एक मोठी फट. आर्क नावाची छोटी नदी तिथे समुद्राला मिळते. बंदर तिथे आहे ते त्या फटीमुळे, आणि बंदर आहे म्हणून गाव आहे. बोट आत शिरताना डाव्या हाताला पोले या वस्तीचा कडा आणि त्याच्या माथ्यावर एक चॅपल दिसतं. उजव्या हाताला गाव, आणि पार पलीकडे पश्चिमेच्या कड्यावर किल्ला. पूर्वी लंडन-पॅरिसच्या बोटी थेट गावाच्या मधोमध, घरांच्या समोरच्या धक्क्याला लागत आणि पॅरिसची आगगाडी रस्त्यावरून घंटा वाजवत धक्क्यापर्यंत येई. १८४७ च्या सुमारास न्यूहेवनला रेल्वे आली, १८४८ मध्ये दिएपला आली, आणि हा मार्ग पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ पॅरिसला जाण्याचा नेहमीचा रस्ता होता. तुरुंगातून सुटलेला लेखक ऑस्कर वाइल्ड मे १८९७ मध्ये याच रात्रीच्या बोटीने इथे उतरला आणि पुन्हा कधी इंग्लंडला परतला नाही. आता बोटी बाहेरच्या नव्या धक्क्याला, पोलेच्या कड्याखाली लागतात. तिथून गावाचा मध्य पायी वीस-पंचवीस मिनिटं.

गाडी हॉटेलच्या वाहनतळावर लावा आणि परत निघेपर्यंत तिला हात लावू नका, एका दुपारचा अपवाद सोडून. तो पुढे सांगतो. हॉटेल समुद्राकाठचा बुलव्हार आणि बंदराचा आंरी कात्र धक्का यांच्या मधल्या गल्ल्यांमध्ये बघा. गाव तिथे इतकं सपाट आणि आटोपशीर आहे की आईंना कुठेही दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त चालावं लागणार नाही, आणि दर थोड्या अंतरावर बाक आहेत.

पहिली संध्याकाळ पोलेत घालवा. पोले म्हणजे बंदराच्या पूर्वेचा कोळीवाडा, दोन पुलांच्या मधला. त्यातला कोलबेर पूल बाबांना नक्की दाखवा. १८८९ चा लोखंडी पूल, आयफेल मनोऱ्याच्याच वर्षीचा. सुमारे सत्तर मीटर लांबीचा हा पूल एका खांबावर आडवा फिरतो आणि आतल्या गोदीत जाणाऱ्या जहाजांना वाट करून देतो. त्याला फिरवणारी यंत्रणा पाण्याच्या दाबावर चालणारी. मध्यंतरी पूल पाडून नवा बांधण्याचा घाट घातला गेला होता. गावकऱ्यांनी तो वाचवण्यासाठी चिकाटीने लढा दिला आणि आता तो संरक्षित वास्तू आहे. जुन्या यंत्रावर एवढी माया करणारं गाव मला आवडतं. पूल उघडायच्या वेळी वाहनं थांबतात, माणसं थांबतात, कुणी हॉर्न वाजवत नाही. तिथेच उभं राहून बघा.

पोलेच्या माथ्यावरचं नोत्र दाम द बोंसकूर हे चॅपल १८७६ चं. चढ आहे, म्हणून आईंना गाडीने न्या, हाच तो पहिला अर्धा अपवाद समजा. आतल्या भिंतींवर समुद्रात गेलेल्या खलाशांच्या आणि कोळ्यांच्या नावांच्या पाट्या आहेत. एकाच घरातली दोन-तीन नावं, एकाच तारखेची. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बाहेर आलात की सगळं बंदर पायाखाली नकाशासारखं पसरलेलं दिसतं, आणि उद्या काय-काय बघायचं ते तिथूनच बाबांना बोट दाखवून सांगता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शनिवार असेल तर, बाजार. नॉर्मंडीतला सगळ्यात देखणा बाजार म्हणून त्याचा नावलौकिक आहे आणि तो रास्त आहे. ग्राँद र्यू या मुख्य रस्त्यावरून सुरू होतो, प्लास नास्योनालवर दिएपच्या द्युकेन या दर्यासारंगाच्या पुतळ्याभोवती पसरतो आणि सँ झाक चर्चच्या भोवतालच्या गल्ल्यांत शिरतो. दुपारी एकच्या सुमारास आवरतो, म्हणून नऊच्या आत पोचा. आसपासचे शेतकरी स्वतःचं लोणी, साय, सफरचंदं, सफरचंदाचा रस, मध, भाज्या घेऊन बसलेले असतात. नफशातेल नावाचं, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं मऊ चीज याच परिसरातलं. मात्र तुमच्या घरात फार काटेकोरपणा असेल तर एवढं सांगतो, की तिथली बहुतेक पारंपरिक चीजं वासराच्या जठरातल्या विरजणाने लावलेली असतात. लोणी, दही, मध, ताजे पाव, टोमॅटो आणि स्ट्रॉबेऱ्या घेऊन हिरवळीवर बसलात तर दुपारचं जेवण झालं. मासळी खाणारी मंडळी बरोबर असतील तर ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत इथे मोठे पांढरे शिंपले मिळतात. त्या धंद्यात दिएप फ्रान्सच्या पहिल्या बंदरांपैकी आहे, आणि नोव्हेंबरात हेरिंग माशाची आणि या शिंपल्यांची जत्राच भरते. उन्हाळ्यात तुम्हाला ते दिसणार नाहीत.

शाकाहाराबद्दल इथेच सांगून टाकतो. हॉटेलात ‘व्हेजिटेरियन’ एवढंच म्हणून थांबू नका. तिथल्या पुष्कळ स्वयंपाक्यांच्या लेखी मासळीचं सूप किंवा सॅलडवर भुरभुरलेले डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे हे मांसाहारात मोडत नाहीत. त्या तुकड्यांना लार्दों म्हणतात. ‘ज न मांज नी व्यांद, नी प्वासाँ, नी लार्दों’ एवढं वाक्य कागदावर लिहून नेलंत तरी काम होतं. सगळ्यात सोपी सोय म्हणजे गॅलेतची दुकानं: कुट्टूच्या पिठाचा कुरकुरीत डोसा, आत चीज, मशरूम, कांदा, पालक. अंडं नको असेल तर ‘साँ झफ’ असं आधीच सांगा. जेवणाच्या वेळा मात्र पाळाव्या लागतात. दुपारी बारा ते दोन, रात्री सातनंतर. अडीच वाजता भूक लागली तर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं, आणि रविवारी रात्री तर बरीचशी दुकानंच बंद. मधल्या वेळेसाठी आईंची भाजणी-चटणी हाताशी ठेवा.

बाजाराच्या मधोमधच सँ झाक चर्च आहे. बाबांसाठी माझ्या मते अख्ख्या सहलीतली सगळ्यात मोलाची गोष्ट इथे आहे, आणि दहातले नऊ प्रवासी ती न बघता बाहेर पडतात. चर्च बाराव्या शतकापासून सोळाव्यापर्यंत बांधलं गेलं. आत शिरल्यावर डाव्या बाजूने पुढे, वेदीच्या अलीकडे चला. खजिन्याच्या खोलीची एक कोरीव दगडी भिंत लागेल. तिच्या अगदी वरच्या कडेला, मान वर करून बघावा लागेल असा, एक लांब शिल्पपट्ट आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. एक छोटी दुर्बीण बरोबर न्याच. नसेल तर फोनचा कॅमेरा मोठा करून बघा. त्यात संतही नाहीत, देवदूतही नाहीत. पिसांचे मुकुट आणि कंबरपट्टे ल्यालेली ब्राझीलची माणसं, आफ्रिकेची माणसं, हिंदी महासागराकाठची माणसं, बायका, पोरं, हातात शस्त्रं आणि वाद्यं, असे एकामागून एक ओळीने चालले आहेत. दगड झिजलाय, काही चेहरे पुसले गेलेत, कुठली आकृती कुठल्या देशाची यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. पण उत्तर फ्रान्समधल्या एका बंदराच्या चर्चमध्ये, पाचशे वर्षांपूर्वी, सातासमुद्रापलीकडची माणसं कुणीतरी कोरून घेतली, हे बघताना अंगावर काटा येतो.

हे कसं घडलं, त्याचं उत्तर म्हणजे झाँ आंगो. दिएपचा जहाजमालक, पहिल्या फ्रान्स्वा राजाच्या मर्जीतला. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं होतं आणि हिंदुस्थानचा सागरी मार्ग ही फक्त आपलीच मिरास, असं ते मानत. आंगोने आणि त्याच्यासारख्या नॉर्मन व्यापाऱ्यांनी ती मक्तेदारी कधी मानली नाही. त्याची जहाजं पोर्तुगीज गलबतं लुटत, ब्राझीलहून रंगाचं लाकूड आणत, गिनीच्या किनाऱ्यावरून हस्तिदंत आणि मिरे आणत. न्यूयॉर्कच्या खाडीत शिरलेला पहिला ज्ञात युरोपियन, व्हेराझ्झानो, १५२४ च्या जुलैत परत आला तो दिएपला, आणि राजाला पाठवलेलं पत्र त्याने इथूनच लिहिलं. १५२९ मध्ये झाँ आणि राऊल पार्मांतिए हे दोघे भाऊ आंगोची ‘पांसे’ आणि ‘साक्र’ ही जहाजं घेऊन दिएपहून निघाले, आफ्रिकेला वळसा घालून, हिंदी महासागर ओलांडून थेट सुमात्राला पोचले. दोघेही तिथेच वारले. जहाजं मात्र परत आली. अशा खलाशांनी आणलेल्या माहितीवर इथल्या नकाशाकारांनी सोळाव्या शतकाच्या मध्यात जगाचे मोठे, रंगीत हस्तलिखित नकाशे काढले. शेजारच्या आर्क गावचा देसलिए नावाचा पाद्री त्यांतला सगळ्यात नावाजलेला. त्याचा १५५० चा नकाशा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

आंगोचा गावातला लाकडी महाल आज तुम्हाला दिसणार नाही. १६९४ च्या जुलैत इंग्रज-डच आरमाराने समुद्रातून तोफा डागल्या आणि लाकडी घरांचं हे गाव जवळजवळ संपूर्ण जळून गेलं. तुम्ही ज्या रस्त्यांवरून फिराल ती पिवळट विटांची, एकसारख्या उंचीची, खाली दुकानं असलेली घरं त्यानंतरची, व्हाँताब्रें या राजाच्या अभियंत्याच्या आराखड्यानुसार बांधलेली. चर्च आणि किल्ला मात्र वाचले.

किल्ला पंधराव्या शतकातला, आत शहराचं संग्रहालय. गावातून वर जाणारी वाट खडी आहे; आईंसाठी टॅक्सी सांगा. सोमवार-मंगळवारी जाऊ नका आणि दुपारी बंद असतं का ते आधी बघा. चित्रं चांगली आहेत, चित्रकार पिसारोने इथलं बंदर रंगवलंय, पण मी तुम्हाला हस्तिदंताच्या दालनात थांबायला सांगेन. गिनीहून आलेल्या दातांवर दिएपच्या कारागिरांनी सतराव्या शतकापासून काम केलं आणि युरोपभर त्यांचं नाव झालं. जहाजांच्या प्रतिकृती आहेत, त्यांच्या दोऱ्या आणि शिडं कागदापेक्षा पातळ दंतपत्राची. पण खिशात मावणाऱ्या घड्याळ-होकायंत्रांकडे विशेष बघा. सतराव्या शतकात शार्ल ब्लू नावाच्या इथल्या कारागिराने ही पद्धत नावारूपाला आणली. पुस्तकासारखी उघडणारी हस्तिदंती डबी. खालच्या पानात होकायंत्र आणि त्याच्याभोवती तासांचं लंबवर्तुळाकार कडं. हे कडं मागच्या बाजूची चकती फिरवून तारखेप्रमाणे वर-खाली सरकवायचं. मग डबी सूर्याकडे फिरवायची, उघड्या झाकणाची सावली खालच्या पानावर नेमकी बसेपर्यंत. त्या क्षणी होकायंत्राची सुई ज्या आकड्यावर असेल ते वाजलेले. बाबांना हे नीट समजावून सांगा, ते तिथून हलणार नाहीत. त्याच वेळी हा व्यापार कशावर उभा होता, हेही विसरता येत नाही. ते दालन बघताना दोन्ही गोष्टी मनात राहतात.

किल्ल्यावरून उतरलात की खाली कॅनडाच्या नावाचा एक छोटा चौक आहे. तिथल्या स्मारकावर दिएप आणि कॅनडा यांच्या नात्याच्या तारखा कोरलेल्या आहेत. त्यातलं एक जुनं पान असं, की १६३९ मध्ये दिएपच्या ऑगस्टीन पंथाच्या तीन जोगिणी इथून जहाजाने निघाल्या आणि त्यांनी क्वेबेकला रुग्णालय उभं केलं. शेवटचं पान १९ ऑगस्ट १९४२ चं.

त्या दिवसाबद्दल समुद्रकिनाऱ्यावर उभं राहूनच बोलावं लागतं. किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. एक गोटा उचलून बघा: बाहेरून करडा, गुळगुळीत, फुटला तर आतून काळा आणि काचेसारखा धारदार. ही गारगोटी. कड्यांच्या पांढऱ्या खडूत तिचे काळे पट्टे दिसतात. कडा ढासळतो, खडू पाण्यात विरघळतो, गारगोट्या लाटांनी घासून गोल होतात. आईंना त्यांवर चालवू नका, गुडघ्याला वाईट. बाजूच्या लांबलचक हिरवळीवरून फिरवा. तिसरा नेपोलियन आणि सम्राज्ञी युजेनी १८५३ मध्ये इथे आले होते तेव्हापासूनची ती हिरवळ. या किनाऱ्यावर समुद्रस्नानाची फॅशनही आधीच, १८२४ पासून फ्रेंच राजघराण्यातली बेरीची डचेस येऊ लागल्यावर, रुजली होती.

याच गोट्यांत दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ‘चर्चिल’ नावाचे रणगाडे अडकले. जर्मनांच्या ताब्यातलं एखादं बंदर समोरून हल्ला करून घेता येतं का, हे अजमावण्यासाठी दोस्त राष्ट्रांनी सहा हजारांहून अधिक सैनिक पाठवले. त्यांत जवळजवळ पाच हजार कॅनडाचे. मोहिमेचं नियोजन ज्या विभागाने केलं त्याचे प्रमुख होते लॉर्ड माउंटबॅटन, पुढे पाच वर्षांनी आपल्याकडे व्हाइसरॉय म्हणून आले तेच. समुद्रातच एका जर्मन ताफ्याशी गाठ पडली आणि पूर्वेकडे चाहूल लागली. आधी मोठा भडिमार झाला नव्हता. दोन्ही कड्यांवरच्या गुहांतून आणि समोरच्या इमारतींतून किनाऱ्यावर सरळ गोळीबार करता येत होता. हिरवळीच्या कडेला उभं राहून एकदा डावीकडच्या आणि एकदा उजवीकडच्या कड्याकडे बघा, नकाशाची गरज लागत नाही. पूर्वेला प्युईच्या चिंचोळ्या किनाऱ्यावर एकाच कॅनेडियन पलटणीचे दोनशेहून अधिक जवान गेले. दुपारपर्यंत सगळं संपलं होतं. कॅनडाचे ९०७ मृत्यू, १,९४६ युद्धकैदी. या बलिदानातून १९४४ च्या नॉर्मंडी मोहिमेसाठी धडे मिळाले, असं समर्थन पुढे दिलं गेलं. ते कितपत खरं, यावर आजही इतिहासकार वाद घालतात. माझं मत विचाराल तर, एवढे धडे एवढी माणसं न मारता मिळू शकले असते.

दोन ठिकाणी जा. गावातल्या जुन्या छोट्या नाट्यगृहात या मोहिमेचं स्मृतिसंग्रहालय आहे. ते स्वयंसेवक चालवतात, त्यामुळे ठरावीक मोसमातच उघडं असतं. आणि गाडीला हात लावायचा तो अपवाद इथे: दुपारी दक्षिणेला थोड्या अंतरावरच्या ओतो-सुर-मेर इथल्या कॅनेडियन युद्धस्मशानात जा. कॅनडाच्या सातशेहून अधिक सैनिकांच्या कबरी तिथे आहेत. नीट बघितलंत तर लक्षात येईल, शिळा पाठीला पाठ लावून दुहेरी ओळींत उभ्या आहेत. बाकीच्या ब्रिटिश युद्धस्मशानांत अशी रचना नसते. इथे मृतांना पुरलं ते जर्मनांनी, त्यांच्या पद्धतीने, आणि नंतर ती मांडणी तशीच ठेवली गेली. १ सप्टेंबर १९४४ ला दिएप सुटलं ते याच कॅनेडियन तुकडीच्या हातून, एकही गोळी न झाडता, कारण जर्मन आधीच निघून गेले होते. दोनच दिवसांनी ती तुकडी या स्मशानात आपल्या सोबत्यांना मानवंदना द्यायला आली.

तिथून पश्चिमेला व्हाराँजव्हिल जवळच आहे. कड्याच्या अगदी टोकावर एक जुनं चर्च, आत चित्रकार जॉर्ज ब्राकने केलेली रंगीत काच, बाहेर त्याची कबर. कडा हळूहळू खचतोय, म्हणून कुंपणाच्या आत राहा. त्याच गावात झाँ आंगोचं उन्हाळी घर आहे. त्याच्या अंगणातला कबुतरखाना विटा, गारगोटी आणि वालुकाश्म यांच्या नक्षीने मढवलेला आहे. गावातला जळलेला महाल कसा असेल याची थोडी कल्पना येते. आणि ‘ब्वा दे मुतिए’ नावाचं एक घर-बाग आहे, १८९८ ची, एडविन लचेन्सने तरुणपणी बांधलेली. नवी दिल्लीचं राष्ट्रपती भवन ज्याने उभं केलं तोच हा लचेन्स. ही बाग खासगी मालकीची असल्यामुळे लोकांसाठी उघडी आहे का, ते जाण्याआधी विचारा.

कड्यांबद्दल एक सूचना तुमच्यासाठी, विशेषतः लहान मुलं बरोबर असतील तर. खालून चालताना कड्याच्या पायथ्याशी कधीच बसू नका, चादर पसरून तर मुळीच नको. खडू कुठलीही सूचना न देता कोसळतो. आणि ओहोटीत कड्याखालून लांबवर चालत गेलात तर भरतीचं वेळापत्रक खिशात हवं. उधाणाला इथे पाणी आठ मीटरांहून जास्त चढतं आणि परतीची वाट बंद होते. वेळापत्रक पर्यटन कार्यालयात मिळतं.

पॅरिसला पुढे जाताना माझा सल्ला असा, की जमलं तर गाडी दिएपलाच लावून आगगाडीने जा. रूआँला आगगाडी बदलून पॅरिसच्या सँ लाझार स्टेशनात साधारण दोन तासांत पोचता. रूआँला उतरून कॅथेड्रल बघता येतं, आणि पॅरिसमध्ये गाडी लावायला जागा शोधण्याचा ताप वाचतो. गाडी नेणारच असाल तर रूआँ आणि पॅरिसमध्ये शिरायला हवेच्या प्रदूषणासंबंधीचं स्टिकर लागतं का ते घरूनच तपासा, हेडलाइटवर उजव्या बाजूच्या रस्त्यासाठीच्या पट्ट्या लावा, आणि प्रत्येकासाठी चमकतं जॅकेट व त्रिकोण गाडीत ठेवा.

कपड्यांत वाऱ्याची सोय हवीच. जुलैतही संध्याकाळी समुद्रावर स्वेटर लागतो. आईंना कानटोपी न्यायला सांगा, त्या नाही म्हणतील तरी. सप्टेंबरात जाणं जमत असेल तर दोन वर्षांनी एकदा त्याच हिरवळीवर आंतरराष्ट्रीय पतंगमहोत्सव भरतो. ते वर्ष आहे का ते आधी बघा, कारण तेव्हा हॉटेलं फार लवकर भरतात. परतीच्या दिवशी पासपोर्ट आणि बोटांच्या ठशांच्या रांगेसाठी सुटण्याच्या किमान दीड तास आधी धक्क्यावर पोचा. आणि निघताना वाटेत कोलबेर पूल उघडा असेल, तर त्याची दहा-पंधरा मिनिटं त्यात धरलेली असू द्या.